हेडलाइटच्या प्लास्टिक आवरणाचे नूतनीकरण

मोटारीच्या हेडलाइटवरचे पारदर्शक प्लास्टिक आवरण पिवळट किंवा धुरकट झाल्यावर त्याचा खराब थर घासून काढणे, पृष्ठभाग पुन्हा नितळ करणे आणि त्यावर अतिनील किरण अडवणारा नवा थर चढवणे, या कामाला हेडलाइटचे नूतनीकरण म्हणतात. दिवा न उघडता हे घरच्या घरी करता येते. घासणे आणि पॉलिश यांचा परिणाम लगेच दिसतो, म्हणून बरेच जण तेवढ्यावर थांबतात. काम किती टिकणार हे मात्र शेवटच्या थरावर ठरते.

पूर्वी हेडलाइट काचेचे असत. अमेरिकेत १९४० पासून काच, परावर्तक आणि तंतू एकसंध असलेले सीलबंद दिवेच चालत. १९८३ मध्ये तो नियम शिथिल झाला आणि १९८४ ची ‘लिंकन मार्क ७’ ही प्लास्टिक आवरणाचे, बल्ब बदलता येणारे हेडलाइट असलेली तिथली पहिली मोटार ठरली. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. १९५३ मध्ये बायर कंपनीत हर्मान श्नेल आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे तयार केले. ते हलके असते, खडा उडून लागला तरी सहसा फुटत नाही आणि साच्यात हव्या त्या वळणाचे घडवता येते. पण त्यावर ओरखडे चटकन उठतात, आणि अतिनील किरणांमुळे त्याच्या रेणूंची मोडतोड होऊन पिवळी संयुगे तयार होतात. म्हणून कारखान्यातच त्यावर ॲक्रिलिक किंवा सिलिकॉन जातीचा, केसाहूनही पातळ असा कडक लेप देतात. ऊन, उडणारी वाळू आणि जहाल साबण यांनी हा लेप झिजतो, तडकतो, पापुद्र्यांनी सुटतो. आकाशाकडे तोंड करून असलेली दिव्याची वरची बाजू बहुधा आधी जाते. मोटार रोज एकाच दिशेला तोंड करून उन्हात उभी राहत असेल, तर एक दिवा पिवळा आणि दुसरा बराच बरा, असेही दिसते.

आजच्या दिव्यांत झोताला आकार देण्याचे काम परावर्तक किंवा आतले भिंग करते. बाहेरचे आवरण नुसते पारदर्शक राहिले की पुरे. ते धुरकटले की उजेड रस्त्यावर कमी पोहोचतो आणि उरलेला भलतीकडे विखुरतो, म्हणजे समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये केलेल्या चाचण्यांत फार खराब झालेल्या आवरणांतून नव्याच्या साधारण पाचवा हिस्साच उजेड बाहेर पडला. नूतनीकरणानंतर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परतला. दिवा अगदी नव्यासारखा होईल, ही अपेक्षा त्यामुळे थोडी आवरती घ्यावी.

कामाला हात घालण्यापूर्वी आवरण धुऊन ओलेच बघावे. ओले असताना ते स्वच्छ दिसले आणि वाळताच पुन्हा धुरकटले, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागाचा आहे. पाणी बारीक खाचा तात्पुरत्या भरते, एवढेच. ओले असूनही ते पांढुरके राहिले, तर तडे खोल गेलेले असतात किंवा धुरकटपणा वा ओल आतल्या बाजूला असते. त्यावर बाहेरून घासण्याचा उपयोग नाही.

दिवा बंद आणि गार असावा, मोटार सावलीत असावी. भोवतालच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावावेत, कारण घासायचा पेपर कडेवरून एकदा जरी निसटला तरी बॉनेटवर ओरखडा उमटतो. घासायला वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरता येणारा घासकागद वापरतात आणि पाणी सतत मारतात. त्याचा नंबर जितका मोठा, तितका तो बारीक. लेपाचे पापुद्रे सुटले असतील तर ४०० किंवा ६०० नंबरपासून, नुसता पिवळटपणा असेल तर १००० नंबरपासून सुरुवात करतात. आधी पाणी पिवळसर, दुधाळ वाहते. ते पांढरे वाहू लागले की जुना लेप निघाला असे समजतात. खरी मेहनत इथेच आहे. लेप अर्धवट राहिला तर त्याच्या कडा बेटांसारख्या दिसतात आणि पुढे कितीही पॉलिश केले तरी जात नाहीत. प्रत्येक पुढचा नंबर आधीच्याला आडवा घासावा: एक डावीकडून उजवीकडे, पुढचा वरून खाली. आधीचे चरे पूर्ण गेले की नाही ते मग नुसत्या नजरेने कळते. मधला नंबर गाळून वेळ वाचवला, तर ते चरे शेवटी उन्हात चमकून दिसतात. २००० किंवा ३००० नंबरनंतर पृष्ठभाग एकसारखा मंद धुरकट होतो. पहिल्यांदा करणारा इथे हमखास घाबरतो, पण तो तसाच व्हायला हवा.

यानंतर पॉलिशिंग कंपाउंडने चकाकी आणता येते. फवाऱ्याचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर मारायचा असेल तर मात्र आरशासारखी चकाकी आणू नये; गुळगुळीत पृष्ठभागावर तो नीट धरत नाही आणि बारीक चरे तो स्वतःच भरून काढतो. कोणत्या नंबरवर थांबायचे ते उत्पादनाच्या सूचनेत पाहावे. थर देण्याआधी आवरण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. ॲसिटोन किंवा थिनर चालत नाही, त्याने पॉलिकार्बोनेट तडकते. दोन घटक मिसळून वापरायच्या क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसांना घातक असल्याने योग्य श्वसनयंत्राशिवाय ते मारू नयेत, धुळीचा साधा मास्क पुरत नाही. फवारा टाळायचा असेल तर पुसून लावायचा लेप किंवा पारदर्शक संरक्षक फिल्म हा सोपा पर्याय आहे.

टूथपेस्टने उजळणारा हेडलाइट पुष्कळ जणांनी पाहिला असेल. ती अगदी सौम्य कंपाउंडचे काम करते, त्यामुळे फरक दिसतो, पण उघड्या प्लास्टिकवर संरक्षण काहीच उरत नाही आणि पिवळेपणा लवकर परततो. डासांच्या फवाऱ्यातले डीट हे रसायन पृष्ठभाग विरघळवून क्षणभर चमक आणते आणि प्लास्टिकला कायमचे कमकुवत करते. वाफेने दिवा चमकवणाऱ्या संचांत डायक्लोरोमिथेनसारखी द्रावके तापवली जातात. ती वाफ विषारी असते, त्यामुळे घरगुती कामात तिला जागा नाही.

आत पाणी साचत असेल तर आधी सील आणि हवेची नळी तपासावी. परावर्तकाचा चंदेरी मुलामा जळला किंवा उडाला असेल, तर बाहेरून कितीही घासून उजेड वाढत नाही. तेव्हा अख्खा दिवाच बदलावा लागतो आणि तो बसवल्यावर झोताची उंची पुन्हा जुळवून घ्यावी लागते.