मनालीची सहल ठरवताना: परतीचं तिकीट सगळ्यात शेवटी

"मनालीला जायचंय, सचखंड एक्सप्रेसचं जाण्यायेण्याचं तिकीट काढलंय, आता तुम्ही फक्त हॉटेल आणि गाडीचं बघा." उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की परभणीतल्या आमच्या सहलींच्या कार्यालयात हे वाक्य रोज ऐकू येतं. मग सहल आखायला ठेवलेला वेळ त्या परतीच्या तिकिटाभोवतीच संपतो. तारीख बदलायची म्हटलं तर मे महिन्यात दुसरं तिकीट मिळत नाही, आणि आहे तशी ठेवावी तर सहलीचा शेवट धाकधुकीत जातो. म्हणून हे पत्रक. तिकीट काढण्याआधी वाचलंत तर जास्त उपयोगी पडेल.

आधी दिवस मोजू. सचखंड परभणीहून सकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्लीला पोचते. संध्याकाळची बस धरली की तिसऱ्या दिवशी सकाळी मनाली. म्हणजे शनिवारी घर सोडलं तर सोमवारी सकाळी तुम्ही तिथे. येतानाही तेवढाच वेळ. शनिवार ते पुढचा रविवार अशा नऊ दिवसांच्या सुट्टीत मनालीच्या वाट्याला सोमवार ते शुक्रवार येतात. इथवर सगळ्यांचा हिशेब बरोबर असतो. पुढे मात्र बहुतेक जण शुक्रवारी संध्याकाळी मनालीहून बस, शनिवारी सकाळी दिल्ली आणि त्याच दुपारी परतीची सचखंड असं धरतात.

कागदावर हातात काही तास उरलेले दिसतात. पण मनाली ते दिल्ली हा सव्वापाचशे किलोमीटरहून मोठा रस्ता आहे, आणि त्यातला मनाली, कुल्लू, औट, पंडोह, मंडी हा टप्पा बियास नदीच्या काठाने, कड्याच्या पोटातून जातो. तिथे दरड आली की ती उपसेपर्यंत दोन्ही बाजूंच्या गाड्या उभ्या राहतात. जुलै 2023 च्या पुरात तर कुल्लू-मनाली भागात बियासने हा महामार्ग जागोजागी वाहून नेला होता. दरवर्षी तसं होत नाही. पण मे-जूनच्या गर्दीत पाऊस नसतानाही तीन-चार तासांची कोंडी होते, आणि बारा-चौदा तासांची बस तेवढी लांबली की दुपारची गाडी गेलीच.

गाडी चुकली की कन्फर्म तिकिटाचे पैसे बुडतात. तत्काळ प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी 10 ला आणि स्लीपरचं 11 ला. म्हणजे दुपारी चुकलेल्या गाडीऐवजी दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं तत्काळ तोवर उघडून संपलेलंही असतं. शिवाय एका तत्काळ तिकिटावर चारच प्रवासी बसतात. आई-वडील, आजी आणि तीन लेकरं असं कुटुंब असेल तर दोन तिकिटं हवीत, आणि दोन्ही मिळायला हवीत. दिल्लीच्या उन्हात सामानावर बसून हे सगळं करण्याची वेळ कुणावर येऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

त्यामुळे आमच्या प्रत्येक कार्यक्रमात शेवटची एक रात्र खाली, दिल्लीत किंवा चंडीगडला असते. मनाली गुरुवारी संध्याकाळी सोडायची आणि गाडी शनिवारची धरायची. यावर पहिला प्रश्न येतो, "मोकळाच दिवस द्यायचा तर मनालीत द्या ना, दिल्लीत काय ठेवलंय?" मनालीतल्या मोकळ्या दिवसाने गाडी वाचत नाही, कारण घाटाचा रस्ता त्यानंतरही उरलेलाच असतो. तो उतरून झाल्यावर हाताशी असलेला दिवसच उपयोगाचा. रस्ता सुरळीत लागला तर लाल किल्ला, कुतुबमिनार, बांगला साहिब बघून होतं आणि आरामात गाडीत बसता येतं. आमचा दर शेजारच्या दुकानापेक्षा थोडा जास्त दिसतो तो याच रात्रीच्या खोलीमुळे. ती काढून दर कमी करा, असं ग्राहक सांगतात. आम्ही काढत नाही.

पहिल्या दिवसाचंही असंच आहे. आपली परभणी समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, मनाली सुमारे 2,050 आणि त्याच्या वरची रोहतांग खिंड 3,978 मीटरवर. दोन रात्री प्रवासात काढून, अर्धवट झोपेत थेट रोहतांग गाठलं की डोकं धरतं, मळमळतं, लेकरं उलट्या करतात. सोमवारी हिडिंबा मंदिर, जुनी मनाली, भरपूर पाणी आणि लवकर झोप एवढंच ठेवावं. मंगळवारी तसाही रोहतांगचा रस्ता देखभालीसाठी पर्यटकांना बंद असतो, तेव्हा तो दिवस सोलंग खोऱ्याला द्यावा आणि रोहतांग बुधवारी. राष्ट्रीय हरित लवादाच्या (एनजीटी) आदेशामुळे तिथे दिवसाला 1,200 पर्यटक गाड्यांनाच परवाना मिळतो. तो गाडीच्या नंबरावर निघतो, त्यामुळे "सकाळी उठून ठरवू" तिथे चालत नाही. परवाना नाहीच मिळाला तर अटल बोगद्यातून पलीकडच्या सिस्सू गावाला जाता येतं, त्याला परवाना लागत नाही. 2020 मध्ये सुरू झालेला हा 9.02 किलोमीटरचा बोगदा ओलांडला की हिरवं कुल्लू खोरं मागे पडतं आणि लाहौलचे उघडे, करडे डोंगर समोर येतात. आमच्या मते ते दृश्य रोहतांगच्या गर्दीपेक्षा सरस आहे.

कॉलेजची मुलं 15 ऑगस्टला जोडून सुट्टी काढतात आणि पॅराग्लायडिंग, राफ्टिंग मागतात. हिमाचलात 15 जुलै ते 15 सप्टेंबर दोन्ही बंद असतं. या काळात कुणी "करून देतो" म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका. एरवीही वारा बिघडला की उड्डाणं थांबतात, म्हणून पॅराग्लायडिंग शेवटच्या दिवसावर टाकू नये. उड्डाण करवणाऱ्याचा पर्यटन विभागाचा परवाना बघायला मागा. त्यात संकोच कसला?

गरम कपडे इथून विकत घेऊन ओझं वाढवू नका, बर्फातले कोट-बूट तिथे भाड्याने मिळतात. एक चांगला स्वेटर आणि कानटोपी पुरते. प्रीपेड सिम हिमाचलात चालतं. बंद पडतं ते जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी गाडीपुरती जरूर घ्या.

आता तिकिटाचं. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं. जाण्याचं तिकीट निघतं त्या दिवशी परतीच्या तारखेचं उघडलेलंच नसतं, त्याला अजून आठवडा असतो. तो आठवडा हातचा घालवू नका. जाण्याचं तिकीट हाती आलं की ते घेऊन आमच्याकडे या. सोबत घरातल्या सगळ्यांची वयं, कुणाला दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर ते, आणि शाळा-ऑफिसला कोणत्या दिवशी हजर व्हायचंय ते सांगा. तारखा मांडून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही, बुकिंग पुढे कुणाकडेही करा. परतीचं तिकीट आधीच काढून बसला असाल तरी या. मनालीतला एक दिवस कमी करून खालची रात्र बसवता येते, फक्त हॉटेलला आगाऊ रक्कम देण्याआधी या.