मिश्रणांचे भौतिक विलगीकरण

मिश्रणातील घटकांचे रासायनिक स्वरूप न बदलता ते वेगळे काढण्याच्या पद्धती. मिश्रणात घटक रासायनिक बंधांनी बांधलेले नसतात. कणांचा आकार, घनता, विद्राव्यता, उत्कलनबिंदू यांपैकी एखाद्या गुणधर्मात फरक असला, की त्याच्या आधारे ते सोडवता येतात. संयुगाचे तसे नाही. पाणी कितीही गाळले वा उकळले तरी हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होत नाहीत. त्यासाठी विद्युत अपघटनासारखी रासायनिक क्रियाच करावी लागते.

मराठीत या क्रियांचे शब्द प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीपासून रुळलेले आहेत. पाखडणे आणि उफणणे हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, पण क्रिया वेगळ्या. उफणताना धान्य उंचावरून सोडतात आणि वारा भूस लांब नेतो. पाखडताना वारा सूपच निर्माण करते: प्रत्येक झटक्याला दाणे उडतात, जड दाणे मागच्या बंद कडेकडे सरकतात आणि फोलपटे पुढच्या उघड्या कडेवरून बाहेर पडतात. तांदळाएवढाच खडा मात्र चाळणीतून तांदळाबरोबरच जातो. तेथे आकार उपयोगी नाही, घनता आहे. म्हणून तांदूळ पाण्यात रोळतात, दाणे पाण्याबरोबर वर येतात आणि खडे तळाशी राहतात. लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड वेगळी करायला चुंबक पुरतो.

द्रवातील न विरघळलेले कण निवळून किंवा गाळून काढतात. पावसाळ्यात खडकवासल्याकडून येणारे पाणी गढूळ होते, तेव्हा पुण्यातल्या घराघरांत तुरटीचा खडा फिरवण्याची रीत होती. मातीचे अतिसूक्ष्म कण ऋण विद्युतभारामुळे एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. तुरटीमुळे त्यांचे पुंजके बनतात आणि ते जड होऊन खाली बसतात. निवळीच्या झाडाची बी माठाच्या आतल्या बाजूस उगाळण्याची जुनी पद्धतही याच कामाची. काटेकोरपणे पाहता तुरटीची क्रिया रासायनिक आहे, त्यानंतरचे निवळणे भौतिक. पर्वतीसारख्या जलशुद्धीकरण केंद्रांतही तुरटीसारखे द्रव्य, मग निवळणे, मग वाळूच्या थरातून गाळणे असाच क्रम असतो. श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगून चक्का करणे हेही गाळणेच. दुधाचे दही होणे मात्र रासायनिक बदल आहे.

विरघळलेला पदार्थ गाळणकागदातून आरपार जातो. तो मिळवायचा तर द्रव उडवून लावावा लागतो किंवा स्फटिक पाडावे लागतात. यांतले काय निवडायचे, हे विद्राव्यतेवर ठरते. १०० ग्रॅम पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते आणि १०० अंशांना केवळ ३९ ग्रॅम. त्यामुळे गरम द्रावण थंड करून मीठ फारसे मिळत नाही, मिठागरात पाणी आटवावेच लागते. सोऱ्याची, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटची, विद्राव्यता त्याच तापमानांत सुमारे ३२ ग्रॅमवरून २४० च्या पुढे जाते, म्हणून तो थंड करून स्फटिकरूपात काढणे सोयीचे. साखर कारखान्यात स्फटिक तयार झाल्यावर चिकट मळी त्यांना लगडलेली असते. वेगाने फिरणाऱ्या अपकेंद्री यंत्राच्या जाळीतून मळी बाहेर फेकली जाते आणि साखर आत राहते.

कापूर किंवा आयोडीन तापवल्यावर सहज वायुरूप होऊन थंड जागी पुन्हा घनरूपात बसते, हे संप्लवन. शाळेत त्यासाठी नवसागर आणि मिठाचे मिश्रण देतात, पण उदाहरण तितके निर्दोष नाही. नवसागर तापल्यावर अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड यांत फुटतो आणि उलट्या नरसाळ्याच्या थंड भागात पुन्हा जुळून येतो. भौतिक पद्धतींच्या धड्यात कापूर जास्त शोभला असता.

स्केचपेनच्या काळ्या शाईचा ठिपका गाळणकागदाच्या पट्टीवर काढून टोक पाण्यात धरले, की निळा, जांभळा असे पट्टे वर सरकतात. कागदाला कमी चिकटणारा रंग पुढे जातो. मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतील रंगद्रव्ये खडूच्या पुडीच्या स्तंभातून अशीच वेगळी केली आणि १९०६ मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले.

उत्कलनबिंदूंतील फरकावर ऊर्ध्वपातन चालते: द्रव उकळायचा, वाफ संघनकात थंड करायची आणि थेंब वेगळे गोळा करायचे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे शुद्ध पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. तापमापी बिघडलेली नसते, तरी जर्नलमध्ये १०० लिहिण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतोच. उत्कलनबिंदू जवळजवळ असतील, तर भागशः ऊर्ध्वपातनाचा उंच स्तंभ लागतो. त्यात वाफ वारंवार द्रव होऊन पुन्हा उकळते आणि दर टप्प्याला हलका घटक वाढतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. पुण्यातील प्राजसारखे उद्योग ज्या इथेनॉल संयंत्रांसाठी ओळखले जातात, त्यांत हा प्रश्न रोजचा. वजनाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉल झाले, की द्रव आणि त्याची वाफ यांतील पाण्याचे प्रमाण सारखेच होते. पुढे स्तंभ कितीही वाढवला तरी फरक पडत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र निर्जल इथेनॉल लागते. उरलेले पाणी काढण्यासाठी मिश्रणाची वाफ झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाच्या खड्यांतून सोडतात. त्याची छिद्रे सुमारे ३ अँग्स्ट्रॉमची (एक अँग्स्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग); पाण्याचा रेणू आत शिरून अडकतो, इथेनॉलचा मोठा रेणू बाहेरूनच निघून जातो. या खड्यांचे नाव रेणवीय चाळणी, फक्त येथे चाळणीत अडकते ते बारीक आणि पुढे जाते ते जाड.