चाय (जपानी बँड)

चाय हा जपानमधील नागोया येथील चौघींचा इंडी बँड (२०१२–२०२४). माना (मुख्य गायन, कीबोर्ड), काना (गिटार, गायन), यूकी (बेस, म्हणजे खर्जातले सूर देणारी गिटार) आणि यूना (ड्रम). माना आणि काना जुळ्या बहिणी. त्यांची यूनाशी गट्टी शाळेतच जमली, यूकी पुढे कॉलेजच्या दिवसांत येऊन मिळाली. चाली मुख्यतः जुळ्या बहिणींच्या, शब्द यूकीचे.

पंक, फंक, डिस्को, हिप-हॉप, इलेक्ट्रोपॉप असे सगळे या बँडच्या गाण्यांत येते, तरी त्याची खिचडी होत नाही. याचे श्रेय बेस आणि ड्रमला. एरवी रॉकमध्ये बेस हा गिटारच्या आवाजाखाली दबलेला असतो. इथे गाण्याचा कणा तोच असतो. यूनाचे ठोके कोरडे, फारसा घुमारा नसलेले. काना गिटारवर लांब सूर धरण्याऐवजी तुटक फटकारे मारते, त्यामुळे बेसला मोकळी जागा मिळते. ठेका असा पक्का असला की वरचे कीबोर्ड आणि गायन हवे तिकडे वळू शकते. गाण्यातला उत्साहही या मोकळ्या जागांतून येतो. नुसती लय वाढवून तो साधत नाही. दोघी बहिणींचे आवाज इतके मिळतेजुळते आहेत की एका सुरात गाताना एकाच आवाजाचे दोन थर ऐकू येतात.

बँडचे घोषवाक्य ‘निओ-कवाई’. जपानमध्ये मुलींना ‘कवाई’, म्हणजे गोंडस, म्हणण्याचे ठरीव निकष आहेत. त्यांत न बसणारीही गोंडसच, असा यांचा दावा. ‘एन.ई.ओ.’ या गाण्यात बारीक डोळे आणि बसके नाक मिरवले आहे, तर ‘मेबी चॉकलेट चिप्स’मध्ये अंगावरचे तीळ चॉकलेटचे दाणे ठरतात. उपदेशाचा सूर मात्र कुठेच लागत नाही. मंचावर चौघी बहुधा एकसारख्या पोशाखात असत, अनेकदा गुलाबी. मध्येच वाद्ये बाजूला ठेवून रांगेत नाचत.

‘पिंक’ (२०१७) आणि ‘पंक’ (२०१९) हे पहिले दोन अल्बम. दुसरा अधिक बांधेसूद. नवख्या श्रोत्याने तिथून सुरुवात करावी. २०२० मध्ये त्या सिअ‍ॅटलच्या सब पॉप या रेकॉर्ड कंपनीकडे गेल्या, आणि त्याच वर्षी गोरिलाझ या ब्रिटिश बँडच्या ‘एमएलएस’ या गाण्यातही गायल्या. ‘विंक’ (२०२१) कोरोनाकाळात घरोघरी बसून, गॅरेजबँड या संगीताच्या सॉफ्टवेअरवर गाण्यांचे कच्चे आराखडे करून एकमेकींना पाठवत घडला. चौघींनी एका खोलीत वाजवण्याचा धसमुसळेपणा त्यात साहजिकच कमी आहे आणि आर अँड बीचा (रिदम अँड ब्लूज) मऊपणा जास्त. जुन्या चाहत्याला तो जरा मंद वाटू शकतो. पाहुणे कलाकारही याच अल्बमपासून दिसू लागले: शिकागोचा रॅपर रिक विल्सन, तसेच जुन्या व्हिडिओ गेमच्या आवाजांतून संगीत करणारा वायएमसीके हा जपानी गट. बँडचेच नाव असलेला चौथा अल्बम २०२३ मध्ये आला. त्यात सिटी पॉपसारख्या (१९७०-८० च्या दशकांतले शहरी, मुलायम पॉप) जपानी परंपरांकडे उघड कल आहे. २०२४ च्या सुरुवातीला चौघींनी बँड थांबवत असल्याचे जाहीर केले आणि जपानमधील निरोपाच्या दौऱ्यानंतर तो विसर्जित झाला.