जॅक ५ टनाचा असला तरी गाडीखाली जाऊ नका

“जॅक ५ टनाचा, गाडी पावणेदोन टनाची, मग बिनधास्त खाली शिरायचं!” कोल्हापुरात हे सर्रास ऐकू येतं. साफ चूक आहे, आणि जिवावर बेतणारी. तो आकडा उचलण्याचा; तोही टणक, सपाट जमिनीवर सरळ उभ्या जॅकचा. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जॅकचं आतलं सील गळालं की तेल मागे सरकतं, गाडी खाली येते. गगनबावड्याकडच्या पावसाळी तांबड्या चिखलात तर जॅकचा इवलासा तळ रुततोच. खाली जाड फळी घ्या. गाडी जागेवर धरायला नुसत्या गिअरवर विसंबू नका. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणाऱ्या गाडीत मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरपेटी) ते मोकळं फिरतं आणि गाडी सरकू शकते. हँडब्रेक ओढा, टेकलेल्या चाकांना दगडाची उटी, म्हणजे अडसर, लावा. खाली जायचंच असेल, तर आधी वजन जॅक स्टँडवर (गाडी पेलून धरणाऱ्या पक्क्या आधारावर) उतरवा.