एथिक्सची फाइल परत का येते : बडोद्यात आरोग्यविषयक पीएचडी करणाऱ्यांसाठी

आरोग्याच्या विषयावर पीएचडी करणाऱ्यांची एथिक्स समितीकडे, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्या माणसांना त्रास किंवा अन्याय होणार नाही ना हे तपासणाऱ्या समितीकडे, गेलेली फाइल संशोधन कच्चं आहे म्हणून परत आली, असं क्वचितच होतं. ती परत येते एखाद्या नसलेल्या पत्रामुळे, चुकीच्या समजलेल्या तारखेमुळे, नाहीतर संमतीपत्रातल्या एका वाक्यामुळे. मी अशा एका समितीत सामान्य नागरिक म्हणून बसते. समितीत डॉक्टर असतात, कायद्याचं माणूस असतं, समाजशास्त्राचं असतं आणि या सगळ्यांत वैद्यकीय क्षेत्राशी काही देणंघेणं नसलेलं एक माणूस लागतं. ते काम माझ्याकडे आहे. समितीतलं बोलणं बाहेर न्यायचं नसतं, त्यामुळे कुणाचं नाव-गाव इथे नाही. पण त्याच त्या कारणांनी मुलं वर्ष-वर्ष अडकतात, ते पाहवत नाही, म्हणून हे लिहिते.

अर्ज कोणाला करावा लागतो

माणूस, त्याचं रक्त-लघवी, त्याची माहिती किंवा त्याचा जुना केसपेपर, यांतल्या कशालाही तुमचा अभ्यास हात लावत असेल तर अर्ज करायचा. ‘मी फक्त प्रश्नावली भरून घेणार आहे, सुई टोचणार नाही’ असं न्यूट्रिशन, सायकॉलॉजी, नर्सिंग, फिजिओथेरपी या सगळ्या विभागांतून ऐकू येतं. प्रश्नावलीलाही मंजुरी लागते. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत.

त्या तत्त्वांत तपासणीचे तीन मार्ग आहेत : सूट, जलद तपासणी आणि पूर्ण समितीपुढची तपासणी. घोळ होतो तो ‘सूट’ या शब्दाने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची, म्हणजे एनएफएचएसची, नावं काढलेली आणि सर्वांना खुली असलेली माहिती घेऊन कुणी काम करत असेल तर सूट मिळू शकते. पण ती मिळते की नाही हे समिती ठरवते, तुम्ही किंवा तुमचे गाइड नाही. अर्ज करून सूट दिल्याचं पत्र हातात घ्यायचं. थीसिस जमा करताना किंवा जर्नलला पेपर पाठवताना ते मागतात, आणि झालेल्या कामाला मागाहून मंजुरी कुठलीही समिती देत नाही. देऊ शकतच नाही.

समिती कोणती? नवी औषधं आणि चाचण्यांबाबतच्या २०१९ च्या नियमांनंतर आरोग्य संशोधन तपासणाऱ्या समितीची केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी असावी लागते. पहिल्याच दिवशी आपल्या समितीचा नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत विचारून घ्या. मुदत संपलेल्या समितीचं पत्र पुढे कुणी धरत नाही. आणि विद्यापीठात नाव असून रुग्ण मात्र सयाजी हॉस्पिटलमधले किंवा गोत्रीच्या हॉस्पिटलचे घेणार असाल, तर एका मंजुरीत भागेल असं गृहीत धरू नका. दोन्हीकडे विचारा.

जे पत्र कुणाकडेच नसतं

सगळ्यात जास्त फायली इथे अडतात. समिती म्हणते, जिथे अभ्यास करणार त्या जागेची परवानगी जोडा. जागेवाले, म्हणजे हॉस्पिटलचे अधीक्षक, महापालिकेचं आरोग्य खातं, अंगणवाड्यांसाठी आयसीडीएसचं, म्हणजे एकात्मिक बालविकास योजनेचं, कार्यालय किंवा शाळेचे मुख्याध्यापक, म्हणतात आधी एथिक्सची मंजुरी आणा. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्यामध्ये विद्यार्थी रावपुऱ्यापासून फतेगंजपर्यंत हेलपाटे घालतो.

यातून वाट आहे, पण ती कुठल्याही फॉर्मवर छापलेली नाही, याचा मला राग येतो. जागेवाल्यांकडे पूर्ण परवानगी मागायचीच नाही. ‘एथिक्स समितीची मंजुरी मिळाल्यास अभ्यासाला आमची हरकत नाही, मंजुरीची प्रत दिल्याशिवाय काम सुरू होणार नाही’ एवढ्या दोन ओळींचं तत्त्वतः संमतीचं पत्र मागायचं. मसुदा आपणच टाइप करून न्यायचा. कोरा कागद पुढे ठेवला तर साहेब ‘बघू’ म्हणतात; तयार पत्र ठेवलं तर निदान वाचतात. त्यावर जावक क्रमांक आणि तारीख हवी. नुसता गोल शिक्का मारलेलं, बिनतारखेचं पत्र आमच्याकडून हमखास परत जातं. आणि पत्रातलं अभ्यासाचं शीर्षक प्रोटोकॉलशी, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्याशी, अक्षर न् अक्षर जुळू द्या. विभागाच्या बैठकीत शीर्षक बदललं, पत्र जुन्या शीर्षकाचं राहिलं, आणि दोन महिने गेले, असं दर वर्षी कुणाचं तरी होतं.

संमतीपत्र

हे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणारी बहुतेक मीच असते, म्हणून थोडं सविस्तर.

‘धोका : काही नाही.’ हे वाक्य काढून टाका. रक्त घेणार असाल तर टोचल्याचं दुखेल, काळंनिळं होईल, एखाद्याला चक्कर येईल. तेवढंच लिहा आणि मग काय कराल तेही लिहा. किती रक्त, तेही समजेल असं : ‘५ मिली’च्या पुढे ‘साधारण एक छोटा चमचा’ असं लिहिलेलं असलं की रक्त देणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावरची भीती निम्मी होते.

नुसते प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासातही धोका असतो. नैराश्य मोजायला बरीच मुलं पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. ती मोफत आहे, चांगली आहे. पण तिचा नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. समोरच्या बाईंनी त्यावर ‘रोज’ असं सांगितलं तर तुम्ही काय करणार? खूण करून दहाव्या पानावर जाणार? प्रोटोकॉलमध्ये याचं उत्तर नसेल तर फाइल परत, आणि माझ्या मते ती यायलाच हवी. कोणत्या मानसोपचार विभागात पाठवणार, तिथल्या कुणाशी बोलून ठेवलंय, त्याच दिवशी सोबत कोण जाणार, हे लिहा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक पत्रकात छापा, पण तेवढ्यावर भागवू नका. प्रश्नावलीवरून आणखी एक : सगळ्याच पीएचक्यूसारख्या मोफत नसतात. औषधं नियमित घेतली का हे मोजणारी मोरिस्कीची आठ प्रश्नांची प्रश्नावली परवान्याशिवाय वापरता येत नाही, आणि हे मुलांना थीसिस लिहिताना कळतं.

भाषेचं. इंग्रजी मसुदा, त्याचा गुजराती अनुवाद आणि तो अनुवाद दुसऱ्या माणसाने पुन्हा इंग्रजीत करून पाहिलेला, असे तीन कागद लागतात. हिंदी-मराठी रुग्ण घेणार असाल तर त्या भाषांचेही. ‘मराठी मंडळींना गुजराती कळतंच की’ हे दांडिया बाजारात चालेल, फाइलमध्ये नाही. खरी अडचण छोटा उदेपूरकडून येणाऱ्या राठवा आदिवासी रुग्णांची. त्यांच्यातल्या कित्येकांना छापील गुजराती वाचता येत नाही. तिथे पूर्ण पत्रक वाचून, समजावून सांगायचं, अंगठा घ्यायचा आणि साक्षीदाराची सही घ्यायची. साक्षीदार निष्पक्ष हवा. तुमची मैत्रीण, तुमच्याच प्रोजेक्टची सहायक किंवा वॉर्डातली तुमच्या गाइडच्या हाताखालची नर्स चालत नाही.

शाळेतली मुलं घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. मुख्याध्यापकांनी आत यायला दिलं म्हणजे पालकांची संमती झाली असं नाही. पालकांची सही वेगळी, शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ चा लेखी. हे वाचून पीएचडीची मुलं म्हणतात, मावशी, चारशे पालक कुठून गाठू? पालकसभेला गाठा, नमुना कमी करा, पण गाठा. या बाबतीत समित्या एवढ्या ताठ का, याचं एक कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. २००९ मध्ये एचपीव्ही लशीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या लशीचा, प्रात्यक्षिक प्रकल्प देशात दोन ठिकाणी झाला, तेव्हाच्या आंध्रातलं (आता तेलंगणातलं) खम्मम आणि आपलं वडोदरा. एप्रिल २०१० मध्ये केंद्राने तो थांबवला. काही मुलींचे मृत्यू झाले होते. त्यांचा लशीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही. पण आंध्रातल्या आश्रमशाळांत आई-बापांच्या जागी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचं बाहेर आलं, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर ‘शाळेने परवानगी दिली आहे’ हे वाक्य ऐकलं की आमचे कायदेवाले सदस्य चष्मा काढून ठेवतात.

लाडू म्हणजे औषध नव्हे, तरीही

न्यूट्रिशनवाल्यांसाठी हा वेगळा परिच्छेद. नाचणीचे लाडू, सोयाचं पीठ, योगासनं, आहाराचं समुपदेशन, यांतलं काही एका गटाला ठरवून देऊन परिणाम मोजणार असाल तर सीटीआरआयच्या, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या, दृष्टीने ती चाचणीच. तिथे नोंदणी मोफत आहे, पण पहिला सहभागी घेण्याआधी व्हायला हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंदणी ते स्वीकारत नाहीत. एथिक्सचं पत्र मिळालं की त्याच आठवड्यात फॉर्म भरा. तिकडून शंका येतात, उत्तरं द्यावी लागतात, त्यात दिवस जातात. क्रमांक हातात येईपर्यंत लाडू वळायला घेऊ नका. परदेशी पैसा किंवा परदेशी सहकारी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते. ती वेळखाऊ आहे, म्हणून गाइडशी सुरुवातीलाच बोला.

तारखा आणि पत्रातली बारीक ओळ

नोटिशीवर दोन तारखा असतात, फाइल जमा करण्याची आणि बैठकीची. मुलं बैठकीची तारीख धरून बसतात. जमा करण्याची तारीख बरीच आधीची असते आणि ती चुकली की थेट पुढची बैठक. बैठकही होईलच असं नाही. गणपूर्तीला किमान पाच सदस्य, त्यात वैद्यकीय आणि बिगरवैद्यकीय दोन्ही, आणि निदान एक संस्थेबाहेरचा लागतो. नवरात्रात बडोदं रात्रभर गरब्यात आणि दिवसभर झोपेत असतं, मागून दिवाळीची सुटी. त्या काळातल्या बैठकीवर भरवसा ठेवू नका. ऑगस्टमध्ये फाइल आत जाईल असं बघा.

मग पत्र येतं. ‘खालील दुरुस्त्यांच्या अधीन राहून मंजूर’ असं असेल तर ती मंजुरी नव्हे. पेढे वाटून दुसऱ्या दिवशी ओपीडीत जाऊन बसू नका. मुद्देवार उत्तर द्यायचं, बदललेल्या ओळी ठळक करायच्या, आणि अंतिम पत्र आल्यावर त्यातली तारीख बघायची. त्या तारखेच्या आधीचं एकही संमतीपत्र धरलं जात नाही. घाईत आधीच गोळा केलेल्या फॉर्मवर मागाहून तारखा टाकण्याचा मोह होतो. कृपा करून करू नका. पत्रात मुदत असते, बहुधा वर्षाची. ती संपण्याआधी प्रगती अहवाल देऊन वाढवून घ्यायची. नमुन्याची संख्या, प्रश्नावली, जागा, यांतलं काहीही बदललं तर आधी समितीला कळवायचं.

बाकीचे कागद, म्हणजे गाइडचं आणि तुमचं माहितीपत्रक, हितसंबंधांचं निवेदन, खर्चाचा अंदाज, विभागाचं शिफारसपत्र, हे सगळ्यांकडे असतात. सह्या तपासा आणि पुढे चला.

यात तुमचं काय होतं

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहे, आणि ती प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात. एथिक्समध्ये गेलेले महिने कुणी वजा करत नाही. पुनर्नोंदणीने दोन वर्षं मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन, आणि स्त्रियांना बाळंतपण व संगोपनासाठी पूर्ण मुदतीत २४० दिवसांपर्यंत रजा. ही सवलत मुली मागतच नाहीत, वर गाइडला काय वाटेल म्हणून गप्प बसतात. नियमातच आहे, मागा.

दर सत्रात सल्लागार समितीपुढे उभं राहायचं असतंच. तिथे ‘फाइल अमुक तारखेला दिली, अमुक तारखेला शंका आली’ हे लेखी नोंदवून घ्या. गाइडची सही राहिली असेल तर तोंडी आठवण करून थांबू नका, तारखेसह मेल पाठवा. भांडायला नव्हे, पुढे मुदतवाढ मागताना हाच कागद कामी येतो. आणि दुसऱ्यांसाठी छापलेला तो १४४१६ क्रमांक तुमच्यासाठीही आहे. त्यावर रात्री-अपरात्रीही कुणीतरी बोलतं, गुजरातीतसुद्धा.

काम संपल्यावर समितीला समाप्ती अहवाल द्यायचा असतो, तो दहातले निम्मे विसरतात. सही केलेली संमतीपत्रं त्यानंतर निदान तीन वर्षं सांभाळावी लागतात, आणि ती विभागातल्या कुलूपबंद कपाटात, गाइडच्या ताब्यात. होस्टेलच्या पलंगाखालच्या खोक्यात ठेवलीत, तर त्यांतली नावं-पत्ते खोली आवरायला येणारा कुणीही वाचू शकतो.