वटवाघळाचा दाह आणि माणसाचं म्हातारपण

घरात शिरणारा छोटा उंदीर साधारण वीस ग्रॅमचा असतो. त्याला पिंजऱ्यात ठेवून वेळेवर खायला घातलं, मांजरापासून जपलं, तरी तो दोन-तीन वर्षांत मरतो. त्याच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचं, सात ग्रॅमचं, ब्रँट जातीचं एक वटवाघूळ सैबेरियात ओळखीची कडी घातल्यापासून ४१ वर्षांनी पुन्हा जिवंत सापडलं. सात ग्रॅम म्हणजे रुपयाची दोन नाणी.

सस्तन प्राण्यांचा ढोबळ नियम असा की देह मोठा तर आयुष्य मोठं. हत्ती खूप जगतो, उंदीर लवकर जातो. वटवाघळं हा नियम मोडतात. त्याच आकाराच्या इतर सस्तन प्राण्यांच्या मानाने ती सरासरी साडेतीन पट जगतात. देहाच्या आकाराच्या हिशेबात माणसापेक्षा जास्त जगणाऱ्या १९ सस्तन जाती मोजल्या गेल्या आहेत. त्यातल्या १८ वटवाघळांच्या आहेत आणि उरलेली एक म्हणजे आफ्रिकेत जमिनीखाली राहणारा, बिनकेसाचा मोल रॅट.

आता हे वय कळतं कसं? पिल्लू असेपर्यंत सोपं असतं. पंख उजेडासमोर धरला की बोटांच्या सांध्याजवळ कूर्चेची फिकट पट्टी दिसते. काही महिन्यांत तिथे हाड भरतं आणि पट्टी नाहीशी होते. पुढे पाच वर्षांचं आणि पंचवीस वर्षांचं वटवाघूळ हातात घेऊन सांगता येत नाही. दातांची झीज पाहतात, पण ती खाण्यावर अवलंबून असते, म्हणून फसवी. त्यामुळे पुढच्या बाहूला नंबर कोरलेली हलकी कडी घालायची आणि तेच जनावर पुन्हा सापडण्याची वाट पाहायची, हीच खात्रीची रीत. कडी बाहूवर सहज सरकली पाहिजे. घट्ट बसली तर कातडी तिच्यावर सुजते आणि प्राणी ती चावत बसतो, जखम करून घेतो. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढी चिप कातडीखाली सोडतात. दुसरी मेख अशी की कडी घालताना प्राणी वयात आलेला असेल तर त्याआधीची वर्षं मोजलीच जात नाहीत. सैबेरियातलं ते वटवाघूळ ‘किमान’ ४१ वर्षांचं होतं.

हल्ली पंखाच्या पडद्यातून तीन मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात. पडद्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, भोक काही आठवड्यांत भरून येतं. त्या तुकड्यातल्या डीएनएवर मेथिल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा वयाबरोबर ठराविक रीतीने बदलत जातात आणि त्यांवरून वयाचा बराच अचूक अंदाज येतो. आयर्लंडच्या डब्लिनमधल्या एमा टीलिंग यांचा गट फ्रान्समधल्या ब्रिटनी भागात जुन्या चर्चच्या छपरांत राहणारी वटवाघळं २०१० पासून दरवर्षी पकडतो, नमुना घेतो आणि सोडून देतो. एकाही जनावराला न मारता म्हातारपण वर्षानुवर्षं मोजण्याचं हे काम फार मोलाचं आहे.

इतकं जगण्याचं मूळ उडण्यात असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. उडणारा, रात्री बाहेर पडणारा, दिवसा गुहेत किंवा उंच झाडावर उलटा टांगलेला प्राणी सहजी कुणाच्या तोंडी लागत नाही. ज्याला उद्याची बऱ्यापैकी खात्री आहे, त्याचं शरीर दुरुस्तीवर खर्च करतं. ज्याची शिकार ठरलेली, ते भराभर पिल्लं घालून मोकळं होतं. उंदरी एका खेपेला सहा-आठ पिल्लं देते, वटवाघळाची मादी बहुधा एकच.

पण उडण्याची किंमत भयंकर आहे. धापा टाकेपर्यंत पळणारा उंदीर ऊर्जेचा खर्च विश्रांतीच्या सातपट नेतो; उडतं वटवाघूळ पंधरापटीपर्यंत जातं. लहान जातींचं हृदय मिनिटाला हजारच्या आसपास ठोके देतं, अंगाचं तापमान ४१ अंशांपर्यंत चढतं. आपल्याला इतका ताप आला तर घरचे दवाखान्यात धाव घेतील. वटवाघळाला तो रोज रात्री येतो.

पेशीतली ऊर्जाकेंद्रं इतक्या जोरात चालली की डीएनएचे तुकडे पडतात आणि काही पेशीद्रवात सांडतात. नेमका इथे पेच आहे. आपल्या पेशीत डीएनएची जागा केंद्रकात आणि ऊर्जाकेंद्रांत. तो बाहेर दिसला की पेशी समजते, विषाणू घुसला. सीगॅस नावाचं प्रथिन तो तुकडा ओळखतं, एक छोटा निरोप्या रेणू बनवतं, तो स्टिंग नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि स्टिंग धोक्याची घंटा वाजवतं. मग विषाणूविरोधी इंटरफेरॉन सुटतं आणि त्यामागोमाग दाह, म्हणजे सूज आणि लाली. हीच यंत्रणा वटवाघळात जशीच्या तशी असती तर प्रत्येक रात्रीच्या उड्डाणानंतर घंटा वाजली असती आणि बिचारं आपल्याच दाहात संपलं असतं.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात यावरचा उपाय दिसला. स्टिंग प्रथिनाच्या साखळीत ३५८व्या जागी इतर सस्तन प्राण्यांत सेरीन हे अमिनो आम्ल असतं. ही जागा इतकी महत्त्वाची की उत्क्रांतीने तिला हात लावलेला नाही. वटवाघळांत मात्र तिथे सेरीन नाही. त्यामुळे घंटा वाजते, पण हळू. संशोधकांनी तिथे सेरीन परत बसवलं तेव्हा प्रतिसाद पुन्हा वाढला, म्हणजे मंदपणा त्या एका बदलामुळेच होता. शिवाय बाहेरचा डीएनए हुंगणाऱ्या जनुकांचं पीवायएचआयएन नावाचं आख्खं कुटुंबच वटवाघळांनी गमावलेलं आहे.

दुसरा लगाम एनएलआरपी३ या प्रथिनाला आहे. संसर्ग, स्फटिक, पेशींचा कचरा असं काहीही आढळलं की ते एएससी या जोडप्रथिनाचा गोळा जमवतं, त्या गोळ्यावर कॅस्पेज-१ हे विकर जागं होतं आणि इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा मुख्य निरोप बाहेर पडतो. सिंगापूरमधल्या लिनफा वांग यांच्या गटाने २०१९ मध्ये वटवाघळांच्या पेशींना इन्फ्लुएंझा, मर्स कोरोना असे वेगवेगळे विषाणू दिले. विषाणू माणसाच्या पेशींइतकेच वाढले, दाह मात्र फार कमी झाला. या प्रयोगाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. वटवाघूळ विषाणूला हरवत नव्हतं, त्याला सहन करत होतं.

२०२३ मध्ये त्याच गटाने तिसरा लगाम शोधला: एएससी२ हे प्रथिन. ते आपल्याकडेही आहे, पण दुबळं. वटवाघळाचं एएससी२ तो गोळा जमूच देत नाही. वटवाघळाचं हे जनुक घातलेले उंदीर फ्लूच्या संसर्गातून जास्त प्रमाणात वाचले. माणसाच्या एएससी२ मधली फक्त चार अमिनो आम्लं वटवाघळासारखी केली तर तेही कामाला लागतं, असं पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं.

पण नुसते लगाम असते तर विषाणूंनी केव्हाच फडशा पाडला असता. ऑस्ट्रेलियातल्या काळ्या फळभक्षी वटवाघळात इंटरफेरॉन-अल्फा कोणताही संसर्ग नसतानाही थोडं थोडं चालूच असतं. इजिप्तच्या फळभक्षी वटवाघळाने वेगळी वाट धरली. त्याच्यात इंटरफेरॉनच्या दुसऱ्या एका गटातल्या जनुकांची संख्याच वाढली आहे. वाट कुठलीही असो, पहारेकरी जागा आहे आणि भोंगा हलका आहे.

माणसाच्या म्हातारपणात याच्या उलट घडतं. पहारा ढिला होतो, त्यामुळे न्यूमोनिया वृद्धांना गाठतो; आणि भोंगा मात्र दिवसरात्र घुरघुरत राहतो. युरिक आम्लाचे स्फटिक एनएलआरपी३ला चेतवतात, म्हणून गाऊट झालेल्या माणसाचा अंगठा रात्रीत लालबुंद होतो. धमनीच्या भिंतीतले कोलेस्टेरॉलचे स्फटिक तेच करतात, फक्त वर्षानुवर्षं आणि मुक्याने.

मग तो भोंगा औषधाने बंद केला तर? हा प्रयोग माणसांवर झालेला आहे. आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि अंगात दाहाची खूण वाढलेल्या १०,००० हून अधिक रुग्णांपैकी बहुतेकांना इंटरल्युकिन-१ बीटाला अडवणारं कॅनाकिनुमॅब दर तीन महिन्यांनी टोचलं गेलं, बाकीच्यांना नुसतं खोटं इंजेक्शन. २०१७ मध्ये निकाल आला. १५० मिलिग्रॅमच्या गटात झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं, आणि कोलेस्टेरॉलला हातही न लावता. म्हणजे दाह हा स्वतःच गुन्हेगार होता. पण त्याच चाचणीत संसर्गाने मरणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आणि एकूण मृत्यू काही कमी झाले नाहीत. भोंगा बंद झाला, पण पहारा वाढला नव्हता. वटवाघळाने दोन्ही एकदम साधलं आहे, आपण अर्धंच उचललं.

या वाटेवरचं दुसरं औषध आपल्या ओळखीच्या वनस्पतीतलं आहे. पावसाळ्यात विदर्भातल्या जंगलकडेला लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी हा कोल्चिसिनचा एक स्रोत आहे. कोल्चिसिन एनएलआरपी३चा गोळा जमण्यात अडथळा आणतं. रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिनने हृदयरुग्णांमधले झटके कमी झाल्याचं २०२० मध्ये दिसलं आणि २०२३ मध्ये अमेरिकेत या वापराला परवानगी मिळाली. कळलावीचा कंद घरी उगाळून घेण्याचा विचारही कुणी करू नये. औषधाचा डोस आणि विषाचा डोस यांत फार थोडं अंतर आहे. कंदात रसायन किती, हे कंदागणिक बदलतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते अंगात साठतं. असे मृत्यू झालेले आहेत.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं लिहिलेल्या बाटल्या नागपुरात इतवारीपासून सीताबर्डीपर्यंत प्रत्येक दुकानात मिळतात. वटवाघळाकडे पाहिलं की हे वाक्यच चुकीचं वाटू लागतं. कोविडच्या अनेक गंभीर रुग्णांत विषाणूइतकंच नुकसान बेभान झालेल्या प्रतिकारशक्तीने केलं. आणि दमा-संधिवातावर वटवाघळाचं मांस किंवा तेल वापरण्याची जी जुनी समजूत काही भागांत आहे, तिचा या संशोधनाशी काही संबंध नाही. प्रथिन पोटात गेलं की पचतं, जनुकात जाऊन बसत नाही. वटवाघूळ पकडताना, कापताना मात्र त्याचे विषाणू आपल्या हाताला लागतात.

टेलोमिअरबद्दल थोडक्यात. गुणसूत्रांच्या टोकांवरच्या या टोप्या प्रत्येक पेशीविभाजनात झिजतात. ब्रिटनीतल्या मायोटिस वटवाघळांत त्या वयाबरोबर झिजताना दिसत नाहीत, असं २०१८ मध्ये समोर आलं. पण त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या दोन जातींत, त्यात एक नालनाक्या वटवाघळाची, त्या झिजतात. तरी त्याही दीर्घायुषी आहेत. त्यामुळे टेलोमिअरची किल्ली सापडली, असं म्हणता येणार नाही.

वटवाघळाच्या सहनशीलतेलाही सीमा आहे. २००६ पासून अमेरिकेत एका थंड हवेतल्या बुरशीने लाखो वटवाघळं मेली. शीतनिद्रेत प्रतिकारशक्ती जवळपास झोपलेली असते. बुरशी पंखावर वाढते, प्राणी पुन्हा पुन्हा जागा होतो, साठवलेली चरबी जाळून बसतो आणि हिवाळा सरण्याआधी उपाशी मरतो. जी तगतात, त्यांच्यात वसंतात प्रतिकारशक्ती एकदम जागी होऊन बुरशीभरल्या पंखावर तुटून पडते आणि पंखच फाडून टाकते. लगाम सुटला की वटवाघळालाही दाह मारतो.

आपल्याकडे थंडी नव्हे, मे महिना मारतो. मोठ्या फळभक्षी वटवाघळांची सीमा ४२ अंशांच्या आसपास आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सजवळ दोन दिवसांच्या उष्म्यात एकाच जातीची सुमारे २३,००० वटवाघळं मेली. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. वसाहत तापली की आधी पंखांनी वारा घेणं सुरू होतं, मग ती सावलीकडे सरकतात, अंगाला थुंकी चाटतात, तोंड उघडून धापा टाकतात. त्यानंतर खोडावरून खाली उतरून एकमेकांना बिलगतात, आणि हे शेवटचं लक्षण असतं. कोरड्या हवेत थुंकीने अंग लवकर गार होतं, पण पाणीही झपाट्याने संपतं. फळभक्षी वटवाघूळ पाण्यावरून उडत पोट भिजवतं आणि मग ते केस चाटतं. त्याला उघडा, मोकळा पृष्ठभाग लागतो. जलपर्णीने झाकलेला तलाव त्याच्या उपयोगाचा नाही.

उपासमारीचा परिणाम आपल्यापर्यंत पोहोचतो. ऑस्ट्रेलियातल्या २५ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल तुटून अन्नटंचाई झाली की फळभक्षी वटवाघळांकडून घोड्यांत हेन्ड्रा विषाणू जाण्याच्या घटना वाढत होत्या, आणि हिवाळ्यात रानात फुलांचा बहर आला की थांबत होत्या. त्याच कुळातला निपाह आपल्या देशात आहे. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने घेतलेल्या नमुन्यांत त्याचे पुरावे मिळाले. म्हणून रामटेक-पेंचकडचा मार्च-एप्रिलचा मोहाचा बहर हा आपल्या आरोग्याचाही प्रश्न आहे. रात्री मोहाच्या फुलांवर येणारी फळभक्षी वटवाघळं त्याचं परागण करतात.

१९७२च्या वन्यजीव कायद्यात फळभक्षी वटवाघळं उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच गेली.

उन्हात एखादं वटवाघूळ खाली पडलेलं दिसलं तर उघड्या हाताने उचलू नका. मुलांना आणि कुत्र्याला दूर ठेवा. जाड कापड टाकून, चामड्याचे हातमोजे घालून, भोकं पाडलेल्या खोक्यात सावलीला ठेवा. आत एक खरखरीत कापड टांगा, म्हणजे त्याला लटकता येईल. फवारणीच्या बाटलीने पंखांवर पाण्याचा बारीक तुषार मारा. अंगावर पाणी ओतू नका आणि तोंडात जबरदस्तीने घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यप्राण्यांवर उपचार करणारं केंद्र, आहे. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जा. अर्धवट खाल्लेली, दातांच्या खुणा असलेली फळं टाकून द्या. घरात शिरलेलं छोटं वटवाघूळ मात्र बहुधा आजारी नसतं, वाट चुकलेलं असतं. दिवे आणि पंखा बंद करा, खिडक्या सताड उघडा, खोलीबाहेर थांबा. ते बहुधा काही मिनिटांत निघून जातं.