शीर बोटाला कळते

रात्रीचे दोन. बेळगावातल्या एका वॉर्डात खानापूरकडच्या आजींना सलाईन लावायचंय. इंटर्ननं दोनदा टोचलं, दोन्ही वेळा शीर निसटली. आजी म्हणाल्या, "बाळा, त्या सिस्टरला बोलव की."

साडेचार वर्षांच्या एमबीबीएसमध्ये पोरानं शिरांची नावं तोंडपाठ केलेली असतात. पण म्हातारपणी कातडीखालचा आधार सैल पडतो आणि शीर सुईपुढून लोळत बाजूला होते. ती धरायची तर दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं कातडी खाली ताणून ठेवावी लागते. त्यात आणखी एक मेख. सुईवर प्लास्टिकची नळी चढवलेली असते, शिरेत ठेवायची ती हीच; सुईचं टोक या नळीच्या थोडं पुढं असतं. रक्त दिसलं म्हणजे फक्त सुई शिरेत गेली, नळी अजून बाहेरच. तिथं सुई आडवी करून केसभर पुढं न्यायची आणि मगच नळी सरकवायची. नवखा रक्त दिसताच खूश होतो आणि घाई करतो.

हा 'केसभर' पुस्तकातून येत नाही. हाताला काय लागेल याचा अंदाज आणि प्रत्यक्षात काय लागलं, यातली तफावत डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू टिपतो आणि पुढच्या खेपेला हालचाल सुधारतो. स्वतः चुकल्याशिवाय त्याला ही तफावत मिळणार कुठून? सरावाच्या रबरी हातातली शीर तर खऱ्यासारखी लोळतही नाही.

सुरुवातीला प्रत्येक पायरी मनात म्हणावी लागते, त्यातच सगळं लक्ष संपतं. आमच्याकडं तर शेजारच्या खाटेवर कन्नड बोलणारे काका असतात. टोचताना त्यांना "स्वल्प तडीरी", म्हणजे जरा थांबा, म्हणायचंही भान राहत नाही. हात सरावला की तोंड मोकळं होतं.

तरी बरेच इंटर्न प्रोसिजर टाळतात. त्यांना आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुढं नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, उभी असते आणि तिथं चार पर्यायांतून एक निवडायचा असतो, शीर शोधायची नसते. वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये डॉक्टरचं कौशल्य जोखायच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात प्रत्यक्ष करणं. आपली परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवरच बसकण मारते. उरलेला वेळ सॅम्पल लॅबला पोचवण्यात जातो, आणि "मला येत नाही, दाखवा" म्हणायची लाज वेगळीच.

त्या रात्री पोरानं ती लाज गिळली. सिस्टरनं त्याच्या हातातली गुलाबी सुई काढून बारीक निळी दिली, त्याचं बोट आजींच्या मनगटाच्या वर टेकवलं. "बघू नका, दाबा. दोरीगत कडक लागली तर सोडा. दबून वर उसळली तर घ्या."

उसळली.